दुर्मीळ व्हिंटेज गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

दुर्मीळ जुन्या गाड्या अर्ध्यावर पडून राहतात त्याचं मुख्य कारण एकच: खोलायची घाई. दोन सुट्ट्यांत गाडी सुटी होते, खोकी भरतात, आणि वर्षभराने कोणता ब्रॅकेट कुठला हे सांगायला कुणी उरत नाही. हजारोंनी बनलेल्या गाडीत हे निभावून जातं, कारण पार्ट्सचं पुस्तक मिळतं, शेजारी ठेवून बघायला दुसरी गाडी मिळते, नवा पार्टही विकत मिळतो. ज्या मॉडेलच्या मोजक्याच गाड्या उरल्यात, तिथे तुमच्यासमोर उभी असलेली गाडी हाच नकाशा. गंजलेला, मोडलेला, अर्धा झिजून गेलेला पार्टसुद्धा त्या नकाशाचा तुकडा आहे. म्हणून पुढचा क्रम एका नियमावर बेतला आहे: ज्या कामाने माहिती पुसली जाते, ते काम ती माहिती उतरवून घेतल्याशिवाय करायचं नाही.

## टप्पा १: हात लावण्याआधीची नोंद

गाडी आणल्या आणल्या धुवावीशी वाटते. धुऊ नका. धुळीखाली कारखान्यात खडूने लिहिलेले आकडे असू शकतात, पॅनलच्या आतल्या बाजूला बॉडी बनवणाऱ्याने पेन्सिलीने टाकलेला क्रमांक असू शकतो, ग्रीसच्या थरात पाईपची मूळ वाट उमटलेली असते. प्रेशरच्या पाण्याने हे सगळं दोन मिनिटांत जातं.

१. चारही बाजूंचे फोटो चाकाच्या हबच्या उंचीवरून, लांब उभं राहून झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत मडगार्डची वळणं फसवी दिसतात.

२. प्रत्येक जोडणीचे तीन कोनांतून फोटो घ्या आणि चौकटीत स्टीलची पट्टी ठेवा. पट्टी नसलेल्या फोटोवरून नंतर माप काढता येत नाही.

३. ब्रेकचे रॉड, केबल, तांब्याचे पाईप आणि वायरी कुठून आत शिरतात, कुठे क्लिप आहे, याचे फोटो वेगळे काढा. सगळ्यात आधी विसरतं ते हेच.

४. चासी, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल आणि बॉडीवरचे क्रमांक पातळ कागद ठेवून, पेन्सिल घासून ठशासकट उतरवा. ठशात अक्षराचं वळणही येतं, आणि गाडी अस्सल आहे का हे पाहणारा माणूस तेच बघतो.

५. दारं बंद करून प्रत्येक फट वर, मध्ये आणि खाली मोजा. चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी घ्या.

बॉडी आणि चासी यांच्यामधल्या पॅकिंगकडे मात्र नीट वेळ द्या. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलात की दिसेल: एका बोल्टपाशी फेल्टची एकच चकती, दुसऱ्यापाशी चामड्याच्या तीन, आणि त्या तिनांतली एक अर्धी कापलेली. ही अर्धी चकती कुणाचा तरी निष्काळजीपणा वाटते आणि बॉडी उतरवताना कचऱ्यात जाते. पण दार नीट बसेपर्यंत बॉडी बसवणाऱ्याने ती मुद्दाम कापून घातलेली असते. प्रत्येक बोल्टची पॅकिंग वेगळ्या पिशवीत ठेवा, पिशवीवर बोल्टची जागा लिहा, चकतीची जाडी मोजून वहीत नोंदवा. ही वीस-पंचवीस मिनिटं पुढे दारं बसवण्यातले कित्येक दिवस वाचवतात.

मूळ रंग बिजागरीच्या पट्टीखाली, डॅशबोर्डच्या मागे आणि सीटखाली सापडतो. तिथे उन्हाचा मारा नसतो.

सावधान: क्रमांकाच्या जागेवर ग्राइंडर, सँडब्लास्ट किंवा वायरब्रश कधीही चालवू नका. जाड टेपचे तीन थर लावून ती जागा झाकून ठेवा. क्रमांक पुसला गेला की गाडीची ओळखच संशयात येते.

## टप्पा २: आटे ओळखा, मग पाना लावा

एकाच गाडीत तीन-चार पद्धतींचे आटे भेटतात. ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ, विजेच्या बारीक स्क्रूंना बीए, अमेरिकन गाड्यांत एसएई, युरोपातल्या बाकी बहुतेक गाड्यांत मेट्रिक. व्हिटवर्थ आणि बीएसएफच्या आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिक आणि अमेरिकन आट्याचा ६० अंश. पाव इंची व्हिटवर्थ आणि पाव इंची अमेरिकन जाड आटा या दोन्हींत इंचाला २० आटे असतात, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर सहज चढतो. चढला म्हणजे बसला असं समजून आवळला की आट्यांच्या कडा चिरडतात, आणि तो नट पुढे चालत्या गाडीत सुटतो.

पान्यांचंही तसंच. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड १३.३ मिमी असतं. १३ चा पाना चढत नाही, १४ चा चढतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. जुन्या गाडीत निम्मे गोल झालेले नट सापडतात ते याच सवयीमुळे. आधी आटे मोजायचा गेज आणि व्हर्निअर घ्या, चार-पाच नमुने तपासा, मगच पान्यांचा संच जमवा.

फसवणारी उदाहरणंही आहेत. मॉरिसच्या काही इंजिनांत आणि पुढे एमजीच्या टी मालिकेत आटे मेट्रिक, पण नटाचं डोकं व्हिटवर्थ मापाचं असतं. म्हणून डोक्यावरून आटा ठरवू नका.

## टप्पा ३: इंजिन फिरतं का?

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यात होतं. बॅटरी जोडून स्टार्टर मारणं किंवा गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढणं, या दोन गोष्टी करायच्याच नाहीत. जाम इंजिनात रिंगा मोडतात, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अडकलेल्या व्हॉल्व्हची पुशरॉड धनुष्यासारखी होते. या गाडीचा पुशरॉड दुकानात मिळत नाही हे लक्षात असू द्या.

आधी जाम नक्की काय आहे ते शोधा. गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, स्टार्टरचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसलंय का, वॉटरपंप गंजून धरलाय का, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय का, हे एकेक करून पाहा. पिस्टनला दोष देऊन हेड उतरवलं आणि अडकलेला निघाला वॉटरपंप, असं घडतं.

इंजिनच जाम असेल तर क्रम असा:

१. प्लग काढण्याआधी त्यांच्या भोवतालची धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

२. प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ५० मिली ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑईल आणि ॲसिटोन यांचं समभाग मिश्रण घाला. हे दोन्ही वेगळे होतात, म्हणून बाटली हलवून लगेच ओता. ॲसिटोन चटकन पेट घेतं. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ठिणगी नको.

३. सात ते दहा दिवस थांबा. रोज पाहा, पातळी खाली गेली असेल तर भर घाला. एखाद्या सिलिंडरमधली पातळी जराही उतरत नसेल तर बहुधा जाम तोच आहे.

४. वाट पाहताना व्हॉल्व्ह तपासा. ओव्हरहेड व्हॉल्व्ह असतील तर रॉकर शाफ्ट सैल करा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह लाकडाच्या तुकड्याने हलकं ठोकून खाली-वर होतो का ते पाहा. साइड व्हॉल्व्ह असतील तर टॅपेटचं झाकण काढून कोणता व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय ते बघा. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर पातळ ऑईल सोडत राहा.

५. आता फ्लायव्हीलच्या दात्यांवर तरफ लावून दोन्ही दिशांना अर्धा अंश, एक अंश असं डोलवा. एकाच दिशेने जोर लावू नका. पुढे गेलं तेवढंच मागे आणा, पुन्हा ऑईल, पुन्हा डोलवणं. क्रँकच्या पुढच्या नटावर लांब पाइप लावून जोर दिला की नट किंवा क्रँकचं टोक जातं.

६. इंजिन सुटलं की पूर्ण दोन फेऱ्या हाताने फिरवा. भोकांवर फडकं धरा. आतलं मिश्रण वेगाने बाहेर येतं.

तपासा: सुटलेलं इंजिन म्हणजे चांगलं इंजिन नव्हे. चेंबर (इंजिनखालचा ऑईलचा डबा) उतरवून गाळ पाहा. गाळात चंदेरी, मऊ, नखाने दबणारे कण असतील तर व्हाइट मेटलचं (मऊ पांढऱ्या मिश्रधातूचं) बेअरिंग सुटत चाललंय. अशा इंजिनाला एकदाही स्टार्ट देऊन बघू नका.

## टप्पा ४: खोलणं

अडकलेला नट आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडा. आवळताना गंजाचा सांधा तुटतो आणि स्टडवर (डोकं नसलेल्या, आट्याच्या दांड्यावर) पीळ कमी येतो. सुटत नसेल तर नट गॅसने तापवा, लाल होऊ देऊ नका, आणि तापलेल्या आट्याला मेणबत्ती लावा. वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधल्या स्टीलच्या स्टडला हे फार उपयोगी पडतं. तरीही हलत नसेल तर नट फोडा, स्टड वाचवा.

स्टड तुटलाच तर त्याच्या टोकावर नट वेल्ड करून काढणं सगळ्यात सुरक्षित. टणक स्टीलचा एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्टड काढायचं हत्यार) आत तुटला की ड्रिलही चालत नाही, आणि साधं काम मशिनशॉपचं होऊन बसतं.

पिशव्यांच्या बाबतीत तीन गोष्टी पाळा. नटबोल्ट शक्य असेल तर त्याच्याच भोकात परत हाताने चढवून ठेवा. कागदी चिठ्ठी ऑईलमध्ये विरते, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पंचने क्रमांक मारा आणि तोच क्रमांक वहीत लिहा. "इंजिनचे बोल्ट" अशी मोठी पिशवी करू नका; एका जोडणीची एकच पिशवी. पूर्ण गाडीच्या दीडशे-दोनशे पिशव्या झाल्या तर काम बरोबर चाललंय.

मॅग्नेटो (चुंबकावर ठिणगी तयार करणारं यंत्र) खोलताना आर्मेचर, म्हणजे त्यातला फिरणारा गाभा, बाहेर काढायच्या आधी चुंबकाच्या दोन टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवा. पट्टी न ठेवता आर्मेचर काढलं तर जुन्या स्टीलच्या चुंबकाची ताकद उतरते आणि मॅग्नेटो पुन्हा चुंबकित करून आणावा लागतो.

सावधान: जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये, एक्झॉस्टच्या आणि हेडच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो असंच धरून चाला. हवेने फुंकू नका, कोरडं घासू नका. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बंद पिशवीत टाका. कागदी मास्क इथे उपयोगाचा नाही, एफएफपी३ दर्जाचा मास्क लागतो. जुन्या रंगात शिसं असतं, त्यालाही हाच नियम. तो रंग ओला घासा.

## टप्पा ५: गंज काढणं आणि तडे शोधणं

स्टीलच्या आणि बिडाच्या साध्या पार्टना विजेचा टब उत्तम. प्लास्टिकच्या टबात १० लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घाला. १२ व्होल्टच्या चार्जरची ऋण वायर पार्टला, धन वायर साध्या लोखंडी पट्टीला. पट्टी आणि पार्ट एकमेकांना टेकू देऊ नका. एका रात्रीत गंज काळा, मऊ होऊन ब्रशने निघतो, आणि मूळ धातू जरासुद्धा खाल्ला जात नाही. ॲसिड मात्र गंजाबरोबर धातूही खातं.

- वायरी उलट्या जोडल्या तर पार्टच विरघळायला लागतो. चालू करण्याआधी दोनदा पाहा.
- धन बाजूला स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.
- स्प्रिंगा आणि कडक केलेले पार्ट टबात घालू नका. हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात.
- ॲल्युमिनियम आणि जस्ताचे पार्ट सोड्याच्या पाण्यात खराब होतात.
- टबातून हायड्रोजन निघतो. काम उघड्यावर करा आणि वायर काढण्याआधी चार्जर बंद करा.

सँडब्लास्ट चासी, ॲक्सल, स्प्रिंगचे ब्रॅकेट एवढ्यापुरताच ठेवा. पातळ पत्र्यावर वाळूचा मारा बसला की पत्रा ताणतो आणि लाटा उठतात. त्या लाटा नंतर काढता येत नाहीत.

कार्ब्युरेटर, दाराच्या मुठी, मॅग्नेटोची काही घरं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. जुन्या ओतकामातल्या अशुद्धीमुळे ती आतून फुगतात, बारीक जाळीसारखे तडे जातात आणि हाताच्या दाबाने तुकडे पडतात. असा पार्ट दुरुस्त होत नाही. सगळी मापं घेऊन नवीनच बनवावा लागतो.

बिडाच्या ब्लॉकमध्ये पाणी गोठून तडा गेला असेल तर लगेच वेल्डिंगकडे जाऊ नका. बीड पूर्ण आणि समान तापवल्याशिवाय वेल्ड केलं की शेजारी नवा तडा जातो. थंड पद्धतीने, धातूच्या पिना आणि कड्या ठोकून शिवलेला ब्लॉक टिकतो. तडा कुठपर्यंत गेलाय हे रंगाच्या चाचणीने पाहा: पातळ रंगीत द्रव लावायचा, पुसायचा, वर पांढरी भुकटी फवारायची. डोळ्यांना ४० मिमी दिसणारा तडा कित्येकदा त्याहून लांब निघतो.

## टप्पा ६: न मिळणारे पार्ट बनवणं

सगळ्यात महागडी चूक इथे होते. मोडलेला पार्ट जोडून तोच पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) म्हणून फाउंड्रीत द्यायचा आणि ओतून आणायचा. ओतलेला धातू थंड होताना आकसतो: बीड साधारण १ टक्का, ॲल्युमिनियम सुमारे १.३ टक्के. ३०० मिमी लांबीचा पार्ट बिडात ३ मिमी आणि ॲल्युमिनियममध्ये जवळजवळ ४ मिमी लहान येतो. भोकांची अंतरं चुकतात, आणि मशिनिंगला धातू उरत नाही.

बरोबर क्रम असा. मूळ पार्टची मापं घ्या किंवा थ्रीडी स्कॅन करा. स्कॅनमधून झीज आणि तडे दुरुस्त करा. जिथे मशिनिंग होणार त्या पृष्ठांवर २ ते ३ मिमी जादा धातू ठेवा. मग धातूनुसार आकसण्याची टक्केवारी जोडून पॅटर्न बनवा. ओतून आलेल्या पहिल्या नगाची मापं पॅटर्नशी ताडून पाहिल्याशिवाय दुसरा नग ओतायला सांगू नका.

झिजलेल्या पार्टचं माप तसंच नव्या पार्टला देणं हीसुद्धा नेहमीची चूक. शाफ्टचं माप जिथे बेअरिंग चालत नाही तिथून घ्या, तिथे मूळ व्यास शिल्लक असतो.

दाराच्या आणि काचेच्या रबराच्या पट्टीचं माप दबलेल्या जागेवरून घेऊ नका. कोपऱ्यात, क्लिपखाली न दबलेला तुकडा सापडतो. तो २० मिमी आडवा कापून छेद कागदावर उतरवा. कडकपणाच्या मीटरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. रबर वयाने कडक होतं, मूळ रबर याहून मऊ होतं.

मूळ मोडका पार्ट नवा बसल्यावरही जपून ठेवा. पुढच्या कुणालातरी त्यावरूनच माप घ्यायचं असेल.

## टप्पा ७: चासी, लाकडी सांगाडा, पत्रा

सपाट जमिनीवर चासी ठेवून स्प्रिंगच्या पिनांपासून ओळंबा सोडा, जमिनीवर खुणा करा आणि खुणांचे कर्ण मोजा. दोन कर्णांत ३ ते ४ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चासी आधी सरळ करा. वाकड्या चासीवर बॉडीचं काम म्हणजे आधी कळस मग पाया.

लाकडी सांगाड्यावर पत्रा चढवलेली बॉडी असेल तर पत्रा एकदम सगळा सोलू नका. दाराच्या खांबांमध्ये आणि आडव्या तुळयांमध्ये तात्पुरते आडवे-तिरपे आधार बसवा, मग एका वेळी एकच सडलेला लाकडी तुकडा बदला. जुना तुकडा भुसभुशीत झाला असला तरी त्याची बाह्यरेषा प्लायवर उतरवून ठेवा. सगळा सांगाडा एकदम काढला की दुरुस्त करायला काही उरत नाही, अंदाजच उरतो. खांबांची खालची टोकं आणि दाराच्या तळाची पट्टी आधी सडते. मूळ लाकूड बहुतेक वेळा ॲश असतं. बदली लाकूड तेवढंच लवचिक आणि नीट वाळलेलं हवं. पत्र्याच्या कडेला ठोकलेल्या खिळ्यांची जुनी भोकं पुन्हा वापरू नका, खिळा धरत नाही.

दारं बसवायची ती चासी स्वतःच्या स्प्रिंगांवर, इंजिन-गिअरबॉक्सच्या वजनासकट उभी असताना. स्टँडवर ठेवून जमवलेली दारं गाडी चाकांवर आली की अडकतात, कारण जुनी चासी वजनाने वाकते. इंजिन तयार नसेल तर तितकंच वजन त्या जागी बांधा.

## टप्पा ८: चाकं, ब्रेक, स्टिअरिंग

चालत्या गाडीत जीव यांच्यावर अवलंबून असतो, त्यामुळे इथे मूळपणापेक्षा सुरक्षा वरचढ.

लाकडी आऱ्यांचं चाक पाणी मारून घट्ट करायची जुनी युक्ती आहे. लाकूड फुगतं, आरे घट्ट वाटतात, वाळलं की आधीपेक्षा सैल होतात. सैल आरा दिसला तर चाक पुन्हा बांधून घ्या. टायरची नक्षी कितीही चांगली दिसत असली तरी जुना टायर फक्त गाडी ढकलायला. दोन भागांच्या रिमचे नट हवा पूर्ण सोडल्याशिवाय उघडू नका.

मेकॅनिकल ब्रेकमध्ये क्लेव्हिस पिना (रॉड आणि लिव्हर जोडणाऱ्या) आणि त्यांची भोकं झिजतात. एका पिनेत अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल तर सहा पिनांत मिळून रॉडची तीन मिलिमीटर हालचाल फुकट जाते. पिना नव्या करा, भोकांत बुश बसवा, आणि ब्रेक लागल्यावर रॉड व लिव्हर यांच्यात ९० अंशांच्या आसपास कोन येईल असं जमवा. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीच. जुनी सरळ करून वापरलेली पिन तुटते.

हायड्रॉलिक ब्रेक असतील तर सगळे होज आणि सील नवे. गंजून खड्डे पडलेल्या सिलिंडरला स्टेनलेस किंवा पितळी लायनर घालून घ्या. ब्रेक ऑईलपैकी डॉट ५ सिलिकॉनचं आणि डॉट ३, ४ व ५.१ ग्लायकॉलचं असतं. या दोन जाती एकत्र करू नका.

## टप्पा ९: वायरिंग, इग्निशन, इंधन

बॅटरी जोडण्याआधी अर्थ (चासीला जोडायची वायर) कोणत्या टोकाला आहे ते पाहा. जुन्या गाड्यांत धन टोक अर्थला असणं सर्रास आढळतं. उलटी बॅटरी जोडून ॲमीटर आणि डायनॅमो जळू शकतात. ६ व्होल्टच्या गाडीत त्याच बल्बला दुप्पट करंट लागतो: ३५ वॉटला १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर, ६ व्होल्टवर जवळजवळ ६. म्हणून आजच्या १२ व्होल्टच्या गाडीची बॅटरी केबल ६ व्होल्टला लावली की स्टार्टर रडत फिरतो. कापडी वेष्टनाची जुनी वायर वाकवली आणि इन्सुलेशनची भुकटी झाली तर तिच्यात वीज सोडू नका. सुती वेष्टनाची नवी वायर बनवून मिळते. बाहेरून जुनी दिसते. मुख्य वायरवर एक फ्यूज नक्की घाला.

मॅग्नेटोच्या पॉइंटची फट साधारण ०.३ मिमी असते, कॉइलच्या इग्निशनला थोडी जास्त. गाडीचं पुस्तक हाताशी असेल तर त्यातला आकडाच खरा.

पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करू नका, ती वर्षानुवर्षं कोरडी असली तरीही. शिवणींत अडकलेली वाफ स्फोटाला पुरते. टाकीचं काम अशा टाक्या दुरुस्त करणाऱ्या माणसाकडेच द्या. कार्ब्युरेटरमध्ये बुचाच्या लाकडाचा फ्लोट असेल तर त्यावरचा जुना लाखेचा लेप इथेनॉलमध्ये विरतो, फ्लोट पेट्रोल पितो, बुडतो आणि कार्ब्युरेटर वाहायला लागतो. इथेनॉलला टिकणारा लेप द्या, नळ्याही तशाच घ्या.

## टप्पा १०: रंगाआधी एकदा सगळी गाडी जोडा

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. बॉडी, दारं, बॉनेट, मडगार्ड, दिवे, रेडिएटर, हँडल सगळं रंगाशिवाय बसवून पाहा. न बसणारं भोक आत्ता मोठं करा. ताज्या रंगात ड्रिल घातलं की कडेने रंग सोलतो आणि त्यातूनच गंज शिरतो. मग पुन्हा खोला, उघड्या लोखंडाला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्या, आणि रंग.

प्लेटिंगला देण्याआधी प्रत्येक तुकड्याचा फोटो, वजन आणि संख्या लिहून द्या. १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत गाड्यांवर बहुधा निकेल असे, क्रोम नंतर आलं. निकेलच्या पिवळसर झाकेच्या गाडीवर चकचकीत निळसर क्रोम खटकतं.

## टप्पा ११: पहिलं स्टार्ट

१. व्हाइट मेटल बेअरिंगची ढिलाई प्लास्टिगेजने (बेअरिंगमध्ये दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) पाहा. ५० मिमी जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) साधारण ०.०४ ते ०.०५ मिमी.

२. फिल्टर नसलेल्या इंजिनात, चेंबर स्वच्छ केला नसेल तर डिटर्जंटचं आधुनिक ऑईल घालू नका. जुना गाळ सुटून ऑईलच्या वाटा बुजतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमध्ये पितळ किंवा कांस्य असेल तर जीएल-५ दर्जाचं गिअर ऑईल टाळा, त्यातली रसायनं पिवळ्या धातूवर मारा करतात. जीएल-४ किंवा पुस्तकात सांगितलेलं साधं गिअर ऑईल.

३. प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून ऑईल प्रेशर दिसेपर्यंत हँडलने किंवा स्टार्टरने फिरवा. प्रेशर दिसण्याआधी प्लग लावू नका.

४. टाकीऐवजी लहान डब्यातून नवं पेट्रोल द्या, अग्निशामक हाताशी ठेवा. अंगठा हँडलच्या भोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे इंजिन उलटं मारलं तर अंगठा मोडत नाही. इग्निशन ॲडव्हान्स हाताने करायचा असेल तर आधी पूर्ण रिटार्ड करा, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं ठेवा.

५. सुरू झाल्यावर तीस सेकंदांत ऑईल प्रेशर आलं नाही तर बंद. आलं तर वीस मिनिटं मध्यम वेगावर चालवा, थंड होऊ द्या, हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळा.

६. पहिले पाच किलोमीटर मोकळ्या, सपाट जागेवर. थांबून चारही ड्रमना हात जवळ नेऊन उष्णता ताडून पाहा. एकच ड्रम तापला असेल तर तिथला शू घासतोय.

७. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट, स्टिअरिंगच्या पिना, स्प्रिंगचे यू-बोल्ट आणि बॉडीचे बोल्ट पुन्हा आवळा. टप्पा १ मधल्या वहीत दारांच्या फटीचे नवे आकडे लिहा आणि जुन्यांशी ताडून बघा. फट बदलली असेल तर कोणत्या बोल्टपाशी किती चकत्या होत्या ते त्याच वहीत आहे.